चालती गढी: विदर्भातल्या जुन्या वास्तूवरून महाकाय युद्धयंत्र कसं रचावं

चालता किल्ला काढायला बसलं की हात आधी बुरुजाकडे जातो. मग तोफा, मग झेंडा, आणि कागदावर उरलेल्या जागेत पाय. चित्र देखणं होतं, पण हे धूड खरंच चालत असेल असं बघणाऱ्याला वाटत नाही. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: आधी जमीन, मग पाऊल, मग पाय, मग जोतं, आणि बुरूज सगळ्यात शेवटी. गेमसाठी रचना करा, चित्रकथेसाठी करा, विज्ञान प्रदर्शनासाठी करा किंवा गणपतीच्या देखाव्यासाठी, हाच क्रम कामी येतो.

उदाहरणादाखल एक यंत्र पहिल्या रेघेपासून चालत्या मॉडेलपर्यंत नेऊ. नाव चालती गढी. रणांगण पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याची खोल काळी जमीन. जड यंत्राची परीक्षा हीच जमीन घेते.

वास्तू एकच निवडा

विदर्भात निवडीला तोटा नाही. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, अकोट तालुक्यातला नरनाळा आणि त्याचा १४८७ चा महाकाली दरवाजा, चंद्रपूरचा गोंड राजांचा परकोट, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा, १७५७ मध्ये पुरा झालेला बाळापूरचा विटांचा किल्ला, लोणारचं दैत्यसूदन मंदिर. मोह होतो की दरवाजा नरनाळ्याचा घ्यावा, बुरूज बाळापूरचे आणि शिल्पं लोणारची. तसं करू नका. एक मुख्य वास्तू घ्या, दुसरीकडून फार तर एक गुण घ्या. नाहीतर यंत्र कुठल्याच मातीतलं वाटत नाही.

मी सुचवतो गावची गढी. वऱ्हाडात पाटला-देशमुखांच्या गढ्या गावोगाव आहेत आणि बहुतेक अर्ध्या पडलेल्या आहेत. अभ्यासाला हे सोयीचं, कारण पडलेल्या भिंतीचा छेद उघडा असतो. खाली दगडाचे थर, त्यावर पांढऱ्या मातीचे, मातीत कुटार मिसळलेलं; भिंत बुडाशी रुंद आणि वर निमुळती. पावसाने वरची माती ओघळून बुडाशी साचते तीही बघा, रंगकामात ती लागेल. ढासळत्या भिंतीवर चढू नका, दगड-माती उचलून आणू नका, आणि गढी कोणाच्या मालकीची असेल तर आधी विचारा.

वहीत फक्त आकार उतरवून भागत नाही. प्रत्येक भागाशेजारी तो तसा का आहे ते लिहा. बुरूज गोल का? कोपरा गोळ्याने लवकर फुटतो, गोल अंगावर गोळा घसरतो, आणि गोल बुरुजातून भिंतीच्या दोन्ही बाजूंवर नजर राहते. दरवाजा वळणाआड का? हत्तीला किंवा ओंडका घेऊन येणाऱ्यांना धाव घ्यायला सरळ जागा मिळू नये म्हणून. यंत्राला वास्तूची ही कारणं उपयोगी पडतात, तिची चामडी नव्हे.

लढाई कसली ते ठरवा, आणि मर्म ठेवा

१५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. तीन बाजूंना खोल दऱ्या, पण उत्तरेकडून जमिनीची वाट गडाला जुळलेली. इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सनच्या तुकडीने सातपुड्याच्या वाटांनी जड तोफा ओढत त्या बाजूला आणल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आतल्या तटाला खिंडार नव्हतंच. तिथे सैनिक शिड्या लावून चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज दक्षिणेकडून किल्ल्याचं लक्ष गुंतवून होती.

रचनाकाराने यातून घ्यायचं ते असं: गाविलगडाचं बळ आणि त्याचं मर्म दोन्ही एकाच भूगोलातून आले. तुमच्या यंत्राचंही मर्म त्याच्या बळातूनच निघालं पाहिजे. मागच्या बाजूला लाल दिव्याचं भोक ठेवून कथा उभी राहत नाही.

चालत्या गढीचं काम मी असं धरतो: तिने चालत जाऊन मोक्याची जागा धरायची, तिथे बसायचं आणि बसून लढायचं. चालताना यंत्र, बसल्यावर गढी. हा निर्णय पुढे सगळीकडे लागेल.

जमीन आणि पाऊल

इसवी सन पूर्व ३०५-३०४ मध्ये डेमेट्रियस या ग्रीक सेनानीने ऱ्होड्स शहराला वेढा घातला, तेव्हा त्याच्याकडे हेलेपोलिस नावाचा चाकांवरचा, नऊ मजल्यांचा वेढा-मनोरा होता. रोमन लेखक विट्रुव्हियस सांगतो की शहरातल्या लोकांनी त्याच्या वाटेवर रात्रीतून पाणी, चिखल आणि घाण ओतली आणि मनोरा तिथेच रुतला. पावसाळ्यात वावरात ट्रॅक्टर फसलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको.

काळी माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. तिच्या भारक्षमतेचे आकडे जागेगणिक बदलतात. आपल्या रचनेसाठी ओल्या जमिनीला चौरस मीटरमागे ५ टन आणि कडक वाळलेल्या जमिनीला १५ टन धरू. गढीचं एकूण वजन २४० टन, पाय सहा, प्रत्येक बाजूला तीन.

सहा पायांची जलद चाल म्हणजे तीन पाय जमिनीवर, तीन हवेत: डावा पुढचा, डावा मागचा आणि उजवा मधला टेकलेले, मग उलट. पुष्कळ जण २४० ला ३ ने भागून पायावर ८० टन धरतात. ते चुकीचं आहे. डावीकडे दोन पाय आणि उजवीकडे एकच, आणि वजन तर मध्यावर. त्यामुळे उजवीकडचा मधला पाय एकटा निम्मा भार, १२० टन, उचलतो आणि डावीकडचे दोघे ६०-६० वाटून घेतात. म्हणून मधला पाय पुढच्या-मागच्यापेक्षा जाड काढा. ही एक गोष्ट केली तरी जाणकार डोळ्याला चित्र पटतं.

आता पावलाचा आकार. ओल्या जमिनीवर १२० टनांना २४ चौरस मीटर लागतात, म्हणजे साडेपाच मीटर व्यासाचं पाऊल. एवढी पावलं एकमेकांवर आदळतील. ४ मीटर व्यास घेतला तर क्षेत्र साडेबारा चौरस मीटर. कोरड्यात १२० टनांचा दाब साडेनऊ टन येतो, चालीचे धक्के धरून सव्वापट केला तरी १२, जमिनीला झेपतं. ओल्यात मात्र चाल बदलावी लागते. एका वेळी एकच पाय उचलायचा. मग त्या बाजूचे १२० टन उरलेल्या दोन पायांवर, साधारण ६० प्रत्येकी, आणि दाब ४.८ टन. जेमतेम बसतं.

म्हणजे एकाच यंत्राच्या दोन चाली झाल्या, आणि त्या जमिनीने ठरवल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत, पावसाळ्यात छावणीला बसत. चालत्या गढीलाही तेच वेळापत्रक द्या. तिच्या सरदाराला शत्रूच्या बातमीइतकीच वाफशाची बातमी लागते.

पावलाचा तळ सपाट ठेवू नका. कडेला उतार द्या आणि तळाला खाचा द्या. ओल्या काळ्या मातीतून सपाट तवा उचलताना खाली पोकळी होऊन माती तो धरून ठेवते. घोट्याला सगळ्या दिशांना वळणारा सांधा हवा, नाहीतर पहिल्याच धुऱ्यावर पाऊल तिरपं होऊन कडेवर भार येईल.

पाय, पावलांचं अंतर आणि तोल

एका बाजूच्या तीन पायांमधलं अंतर ७ मीटर धरा. जलद चालीत शेजारचे दोन पाय उलट दिशांना असतात; एक पूर्ण मागे गेला असताना दुसरा पूर्ण पुढे येतो. टाक, म्हणजे एका पावलात कापलेलं अंतर, २.५ मीटरची ठेवली तर दोन पावलांच्या केंद्रांत किमान ४.५ मीटर राहतात, पावलं ४ मीटरची, म्हणजे मधे अर्ध्या मीटरची फट. ३ मीटरची टाक घेतली की पावलं घासतात. मोठ्या यंत्राला लांब ढांगा देण्याचा मोह इथे आवरा.

एका टाकेला ५ सेकंद लागले तर कोरड्यात वेग ताशी १.८ किलोमीटर. एकेक पाय उचलत ओल्यात ताशी ३६० मीटर. सकाळी निघालेली गढी दुपारपर्यंत शेजारच्या गावी पोचेल, पावसात गावाची शीवही ओलांडणार नाही. कथा लिहिणाऱ्याला यातच अर्धा तणाव मिळतो, वेग वाढवायची घाई करू नका.

तोल असा तपासा. वरून पाहिलेला नकाशा काढा, डाव्या-उजव्या पावलांच्या केंद्रांत १२ मीटर ठेवा आणि टेकलेल्या तीन पावलांची केंद्रं रेघेने जोडा. गुरुत्वमध्य त्या त्रिकोणात राहिला पाहिजे. या मापांत तो त्रिकोणाच्या कडेपासून जास्तीत जास्त ३ मीटर आत असतो आणि टाकेच्या टोकाला १.९ मीटरवर येतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ९ मीटर उंच असेल तर १२ अंशांच्या उतारावर यंत्र कलंडेल. ६ मीटरवर आणला तर १८ अंशांपर्यंत टिकेल. म्हणून इंजिन, दारूगोळा, पाणी, सगळं जड सामान खाली जोत्यात. वरचे मजले माणसांना आणि नजरेला.

जोतं: बसणारं पोट

जड वस्तू चालवण्याचा खरा धडा खाणीत आहे. उघड्या कोळसा खाणीत दोराने बादली ओढून माती उपसणाऱ्या अजस्र ड्रॅगलाइन यंत्रांना चालायला लावण्याची युक्ती ऑस्कर मार्टिन्सनने १९१३ मध्ये काढली. यंत्र एरवी गोल तळावर बसून काम करतं. हलायचं झालं की दोन्ही अंगांचे लांब बूट जमिनीवर टेकतात, अंग उचलून एक टाक सरकवतात आणि पुन्हा बसवतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९६९ मध्ये कामाला लागलेली बिग मस्की नावाची ड्रॅगलाइन १२ हजार टनांहून जड होती आणि तीही चालायची. काम बसून, चालणं गरजेपुरतं.

आपल्या गढीचं जोतं १६ मीटर लांब, ८ मीटर रुंद. ती बसली की २४० टन १२८ चौरस मीटरवर पसरतात, दाब दोन टनांच्याही खाली. ओली जमीनही हे सहज पेलते. तोफांचा धक्का पायांच्या सांध्यांत न जाता सरळ जमिनीत जातो. म्हणून नियम करा: मोठी तोफ बसल्याशिवाय उडत नाही.

मर्मही इथेच सापडतं. बसलेल्या गढीवर रात्रभर पाऊस झाला तर खालची माती पोटाला धरते आणि सकाळी उठायला दुप्पट जोर लागतो. उठताना पोटाखालची झापं उघडी पडतात. ज्या बसण्याने तिला बळ दिलं, त्यातच तिची हार आहे. शत्रूचा सेनापती शहाणा असेल तर तोफा डागण्याआधी वरचा तलाव फोडेल.

भिंत दगडाची दिसावी, दगडाची नसावी

जोत्यावर ८ मीटर रुंद, ८ मीटर उंच अष्टकोनी माडी. अचलपूरच्या तलावातल्या हौज कटोऱ्याची अष्टकोनी बांधणी बघून या. आठ बाजूंनी नजर आणि कोपरे फार टोकदार नाहीत. हा आकार गढीच्या चौकोनी कोटापेक्षा वेगळा आहे, आणि दुसऱ्या वास्तूकडून घ्यायचा एक गुण मी यावर खर्च केला असता, पण त्याहून मोलाचं काही लोणारला आहे, ते खाली येतं. एकाच गुणाचा नियम काटेकोर पाळायचा असेल तर माडी चौकोनी करून कोपरे बुरुजांनी गोल करा; खालचा हिशोब मात्र अष्टकोनाचा आहे.

माडीच्या भिंती साधारण २१२ चौरस मीटर. काळ्या दगडाच्या मीटरभर जाड भिंती धरल्या तर घनमीटरला २.९ टनांनी ६०० टनांवर वजन, आणि आपला सगळा हिशोबच २४० चा. १० मिलिमीटर पोलादी पत्रा मात्र साडेसोळा टनांत बसतो. दगडाची दुसरी अडचण अशी की त्याला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हेमाडपंती बांधणीत चुन्याशिवाय दगडावर दगड बसतो तो वजनाने आणि खाचेने. दर ५ सेकंदांनी धक्का खाणाऱ्या अंगात त्या खाचा सैल होतील.

मग हेमाडपंती वास्तूकडून घ्यायचं काय? दैत्यसूदन मंदिराची भिंत वरून पाहिली तर सरळ नाही, ताऱ्यासारखी कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते. दगडात त्याने सावल्यांचा खेळ होतो. पत्र्यात त्याच घड्या भिंतीला ताठपणा देतात. सपाट पत्रा हाताने वाकतो, घड्यांचा वाकत नाही. तेव्हा माडीच्या सगळ्या बाजूंना उभ्या घड्या द्या. नक्षी दिसते ती रचनाही असते. जुन्या वास्तूपासून यंत्राला मिळू शकणारी ही सगळ्यात खरी देणगी आहे, आणि तिच्यासाठी मी आणखी चार बुरूज खुशाल सोडून देईन.

दगडाचा भास रंगाने आणा: तळाला चिखलाचे वाळलेले ओघळ, मधे काळसर पत्रा, वर चुन्याचा पांढरा हात.

दरवाजा, जंग्या, चर्या

इथे फार वेळ लावायचं कारण नाही, फक्त प्रत्येक भागाला काम द्या. जंग्या, म्हणजे भिंतीतली बंदुकीची भोकं, सरळ आडवी काढू नका. शत्रू पायांशी येणार, म्हणून त्यांचा रोख खाली. चर्यांची, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांची, उंची माणसाच्या छातीइतकी, कारण बघणारा त्यावरूनच यंत्राचा आकार मोजतो. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालणारा पहारेकरी एक तरी काढा. दरवाजा मागच्या बाजूला, जोत्यातून वळणाने वर जाणारा, दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या. यंत्र बसल्यावरच तो जमिनीला लागतो. चालत असताना उतरायला दोराची शिडी आणि दिंडी, म्हणजे छोटं दार, एवढंच.

सहा पाय चालवणार कोण, हाही प्रश्न आहे. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या राल्फ मोशरने अमेरिकी लष्करासाठी चार पायांचा चालता ट्रक केला, त्यात चालकाचे हातपाय हलतील तसे यंत्राचे पाय हलत. तो चालला, पण चालक लवकर थकत. सहा पायांना सहा माणसं आणि ताल धरायला सातवा द्या. नगारखाना त्यासाठीच ठेवा; नगाऱ्याच्या ठोक्यावर पाय पडतात.

चिन्हं जपून वापरा

चंद्रपूरच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे, गाविलगडाच्या दरवाज्यावर दुतोंडी गंडभेरुंड आहे. दोन्ही डोळ्यांत भरतात. पण सिंह-हत्तीचं चिन्ह गोंड राज्याचं आहे आणि गोंड समाज त्याकडे आजही अभिमानाने पाहतो. ते खलनायकाच्या यंत्रावर लावण्याआधी त्या समाजातल्या कोणाशी तरी बोला. देवदेवतांच्या मूर्ती पावलांवर किंवा पोटाखाली नकोत. सगळ्यात बरं म्हणजे आपल्या कथेतल्या घराण्याचं नवं चिन्ह करा आणि ते दरवाज्यावर एकदाच लावा.

१:५० चं चालतं मॉडेल

कागदावरची रचना खरी की खोटी ते मॉडेल सांगतं. १:५० ला जोतं ३२ सेंमी लांब आणि १६ सेंमी रुंद, पाऊल ८ सेंमी, टाक ५ सेंमी. सामान साधं: ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, बांबूच्या कमच्या, सांध्यांना सायकलचे आरे आणि वायसर, आणि ३० आरपीएमची गिअर मोटर. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल करणारा सुतार गावात असेल तर पट्ट्यांची भोकं त्याच्याकडून पाडून घ्या. सगळं यश भोकं नेमकी पडण्यावर आहे.

यंत्रणा चेबिशेव्हची वापरा. या रशियन गणितज्ञाचं चालतं यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं होतं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: क्रँक (मोटरने गोल फिरणारी पट्टी) १, दोन स्थिर खिळ्यांतलं (एक क्रँकचा, दुसरा झुलत्या पट्टीचा) अंतर २, झुलती पट्टी २.५, आणि लांब पट्टी ५, जिच्या बरोबर मध्यावर झुलती पट्टी जोडायची. लांब पट्टीचं एक टोक क्रँकला, दुसरं मोकळं. क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात मोकळं टोक जवळजवळ सरळ रेघेत क्रँकच्या चौपट अंतर जातं, उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात वर उचलून परत येतं. आपल्याला ५ सेंमी टाक हवी, म्हणून क्रँक १२.५ मिमी, स्थिर अंतर २५, झुलती पट्टी ३१.२५, लांब पट्टी ६२.५. पाऊल ११ मिमी उचललं जातं.

मोकळं टोक खिळ्यांच्या वर फिरतं, म्हणून यंत्रणा जोत्यावर माडीच्या आत दडते. एकत्र पडणारे तीन पाय, डावा पुढचा, डावा मागचा, उजवा मधला, एकाच कडक चौकटीला जोडा. उरलेले तीन दुसऱ्या चौकटीला. प्रत्येक चौकट पुढच्या आणि मागच्या अशा दोन यंत्रणांच्या मोकळ्या टोकांवर टेकते. एका चौकटीच्या दोन्ही क्रँक एकाच कोनात हव्यात आणि दुसऱ्या चौकटीच्या त्यांच्याशी १८० अंशांत. चारही क्रँक साखळीने किंवा दातेरी पट्ट्याने बांधा, रबर बँड घसरतो. पायांचे दांडे बाहेर काढायला भिंतीत किमान ७ सेंमीच्या आडव्या खाचा ठेवा. या मॉडेलमध्ये फक्त जलद चाल येते आणि बसणं येत नाही. त्यासाठी प्रत्येक पायाला वेगळी मोटर लागेल, ते पुढचं काम.

आधी नुसतं जोतं आणि पाय चालवा, माडी नंतर बसवा. सपाट फरशीवर चाललं की परातीत ओली काळी माती पसरून त्यावर चालवा आणि मधल्या पावलाचा ठसा इतर पावलांच्या ठशांशी ताडून बघा. तो खोल उमटला पाहिजे. सगळे ठसे सारखे दिसले तर चौकट वाकते आहे आणि भार भलतीकडे जातो आहे. आडवी कमची लावून ती ताठ करा. त्यानंतर मोटर बंद असताना पायांखाली पाटा सरकवून हळूहळू उतार वाढवा, मॉडेल कुठल्या अंशाला कलंडतं ते मोबाईलच्या कोनमापकावर बघा, आणि वजन खाली सरकवत तो आकडा १५ च्या वर न्या. मगच रंगाचे डबे उघडा.